निर्ढावलेलें मन : एका शब्दाचा अभ्यास

वाचावयाचे शास्त्रभाग : यिर्मया ६:१३–१५, लूक १८:१–८, इफिसकरांस ४:१७–२४.



खेड्यांत भांडण तोडावयास पंच बसले म्हणजे एक शब्द लवकरच कानीं पडतो : "हा मनुष्य निर्ढावलेला आहे, याच्यापुढें बोलून उपयोग नाहीं." हें वाक्य उच्चारलें कीं विचार बहुधा तेथेंच संपतो. मंडळीच्या बैठकींतहि हा शब्द येतो. ज्याच्याविषयीं तो बोलला जातो त्याच्या घरीं मग कोणी प्रार्थनेस जात नाहीं, त्याच्या मुलांस शब्बाथ शाळेंत कोणी बोलावीत नाहीं. एका शब्दानें एक घर तुटतें. म्हणून हा शब्द काय सांगतो, तो कोणास लागू पडतो आणि कोणास लावूं नये, हें आजच्या पाठांत पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

शब्दांचा असा अभ्यास आपल्या मंडळ्यांस नवा नाहीं. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी कोश १८३१ सालीं छापला गेला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. पुढें त्याच कोशाचा संक्षेप आपल्या बाबा पदमनजींनीं केला. पुण्याजवळील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं आपल्या आयुष्याचीं शेवटचीं अनेक वर्षें पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत घालविलीं. तें साध्या बायामाणसांस समजेल अशा मराठींत असावें हा त्यांचा हेतु होता. शब्दाचा अर्थ चुकला म्हणजे शिक्षण चुकतें, आणि शिक्षण चुकलें म्हणजे शिकणारा वाट चुकतो, हें या सर्वांनीं ओळखिलें होतें.

१. अजाण, अपराधी आणि निर्ढावलेला

वाईट काम करणारीं सर्व माणसें एकाच प्रकारचीं नसतात. आपल्या भाषेनें त्यांचे तीन प्रकार निरनिराळे ठेविले आहेत.

पहिला अजाण. लहान मूल शेजाऱ्याच्या मळ्यांतील शेंगा तोडून आणतें आणि हंसत हंसत आईस दाखवितें. त्यास आपलें व परक्याचें यांतला भेद अजून कळलेला नाहीं. निनवे शहरांतील एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसांस उजव्या व डाव्या हातांतला भेद समजत नाहीं, असें देवानें योनास सांगितलें आणि त्या शहराची कींव केली (योना ४:११). अजाण मनुष्यास शिक्षण पाहिजे.

दुसरा अपराधी. यास भेद कळतो, तरी तो वाईट करितो. पण केल्यावर त्यास चैन पडत नाहीं. याच्यासाठीं आपल्या लोकांनीं किती म्हणी केल्या आहेत पाहा! "चोराच्या मनांत चांदणें." "खाई त्याला खवखवे." त्याचें मन त्यास "खातें", त्याच्या मनाला "टोचणी" लागते. पेत्रानें प्रभूस तीन वेळां नाकारिलें, पण कोंबडा आरवतांच तो बाहेर जाऊन फार रडला (लूक २२:६२). अपराधी मनुष्यास क्षमेची वार्ता पाहिजे, आणि ती ऐकावयास त्याचे कान उघडे असतात.

तिसरा निर्ढावलेला. यासहि भेद कळतो. पण त्याला टोचणी लागत नाहीं. त्याच्यासाठीं दुसरी म्हण आहे : "चोराच्या उलट्या बोंबा." पहिल्या म्हणींतील चोर चांदण्यालाहि भितो; या म्हणींतील चोर भर उन्हांत चावडीवर येऊन ओरडतो. दोघांनीं चोरीच केली आहे. भेद चोरींत नाहीं, चोरी झाल्यावर आंत काय होतें त्यांत आहे. यिर्मयाच्या काळच्या लोकांविषयीं हीच तक्रार आहे. त्यांनीं अमंगळ कर्में केलीं याहून मोठें दुःख संदेष्ट्यास हें झालें कीं, त्यांस लाजणेंच ठाऊक राहिलें नाहीं (यिर्मया ६:१५).

२. शब्दाची घडण

आतां शब्दाकडेच पाहूं. निर्लज्ज, निर्दय, नीतिशून्य, विवेकशून्य हे शब्द एवढेंच सांगतात कीं, अमुक मनुष्याजवळ अमुक वस्तु नाहीं. ती पूर्वीं होती किंवा नव्हती, आणि असल्यास कोठें गेली, याविषयीं ते कांहीं सांगत नाहींत. "निर्ढावलेला" हा शब्द तसा नव्हे. "निर्ढावणें" हें क्रियापद आहे. तेंच तें वाईट काम वारंवार करून त्याचें भय व लाज वाटेनाशी होणें, हा त्याचा अर्थ. वाळलेलें, गंजलेलें, आंबलेलें, तसेंच हें निर्ढावलेलें. गंजलेला विळा पाहिला कीं तो एके काळीं चकचकीत होता हें आपणांस कळतें. कारण गंज दुकानांतून येत नाहीं, पावसांत पडून राहिल्यानें चढतो. त्याचप्रमाणें हा शब्द आपल्या पोटांत एक कथा घेऊन येतो. या मनुष्यास पूर्वीं भय होतें, लाज होती. ती एका दिवसांत गेली नाहीं. कोणीहि निर्ढावलेला जन्मास येत नाहीं.

याच्या जवळचे दुसरे शब्दहि ध्यानांत ठेवावे. ज्यास कितीहि बोललें किंवा मारलें तरी कांहीं वाटत नाहीं तो "कोडगा". बरेचदां मार देणाऱ्यानेंच त्यास कोडगा केलेलें असतें. जें मूल दररोज मार खातें त्याला माराचें कांहीं वाटेनासें होतें, हें आईबापांनीं व शिक्षकांनीं विसरूं नये. ज्याच्यांत हट्ट व उर्मटपणाहि मिसळला आहे तो "निगरगट्ट". ज्यास एकदां लाभ झाला, कोणीं अडविलें नाहीं, म्हणून पुन्हां तिकडेच वळण्याची चटक लागली तो "सोकावलेला". म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, काळ सोकावतो, ही म्हण आपण सर्व जाणतों. सोकावणें ही निर्ढावण्याची पहिली पायरी आहे.

या सर्वांच्या उलट जी वस्तु, तिला आपल्या शास्त्राच्या मराठींत "सदसद्विवेकबुद्धि" म्हणतात. हा लांब शब्द ऐकून पुष्कळ साध्या माणसांस भय वाटतें. पण तो सोडवून पाहिला तर सोपा आहे. सत् म्हणजे चांगलें, असत् म्हणजे वाईट, विवेक म्हणजे वेगळें करणें, आणि तें करणारी ती बुद्धि. आपल्या घरीं बाया सूप घेऊन धान्य पाखडतात. दाणा सुपांत राहतो, भूस उडून जातें, खडा दिसला कीं बोट त्याच्यावर पडतें. तसें मनांतलें सूप म्हणजे सदसद्विवेकबुद्धि. जुन्या कराराच्या इब्री भाषेंत हिच्यासाठीं निराळा शब्द नाहीं. तेथें "हृदय" हाच शब्द येतो. दाविदानें शौलाच्या झग्याचा कांठ कापून घेतला तेव्हां त्याच्या हृदयानें त्यास टोंचिलें (१ शमुवेल २४:५). नव्या कराराच्या ग्रीक भाषेंतील शब्द "सुनैदेसिस" हा आहे, आणि त्याची फोड "सह जाणणें" अशी होते. म्हणजे मनुष्य कर्म करितो तेव्हां त्याच्या आंत एक साक्षी त्याच्याबरोबर तें जाणत असतो. ज्यांस मोशेचें नियमशास्त्र मिळालें नव्हतें त्यांच्या अंतःकरणांतहि हा साक्षी होता, असें पौल म्हणतो (रोम. २:१४, १५).

येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. निर्ढावलेल्या मनुष्याची अक्कल गेलेली नसते. कित्येकदां तो इतरांहून हुशार असतो. कायदा जाणतो, वचनेंहि पाठ म्हणतो. त्याच्या हातीं सूप आहे, डोळ्यांस खडा दिसतो. पण दांताखालीं आला तरी खुपत नाहीं. जाणणें राहिलें आहे, दुखणें गेलें आहे.

३. जनाची लाज व मनाची लाज

"जनाची नाहीं तर मनाची तरी लाज धर," असें आपण म्हणतों. या लहानशा वाक्यांत मोठें शिक्षण आहे. मनुष्यास दोन कुंपणें आहेत. बाहेरचें कुंपण जनांचें, आंतलें मनाचें. लूकाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें ज्या न्यायाधीशाचा दाखला दिला तो देवास भीत नव्हता व माणसांस मानीत नव्हता. म्हणजे त्याचीं दोन्हीं कुंपणें मोडलीं होतीं. विधवेनें त्रास दिला म्हणूनच त्यानें न्याय केला. न्याय हा न्याय आहे म्हणून नव्हे.

पुणें शहराच्या इतिहासांत या दोन कुंपणांचें एक ठळक उदाहरण आहे. १७७३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत शनिवारवाड्यांत गारद्यांनीं तरुण पेशवे नारायणराव यांचा वध केला. आख्यायिका अशी कीं, हुकुमाच्या कागदावर "धरावें" असा शब्द होता, त्यांतील एक अक्षर बदलून "मारावें" असें करण्यांत आलें. आख्यायिकेची सत्यता इतिहासकार ठरवोत. पण एका अक्षरानें मनुष्याचा जीव जातो हें लोकांच्या ध्यानांत बसलें, आणि "ध चा मा करणें" हा वाक्प्रचार मराठींत राहिला. त्यानंतर नारायणरावांचे चुलते रघुनाथराव हे सत्तेवर आले. तेव्हां दरबारचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे होते. त्यांनीं चौकशी केली, दोष रघुनाथरावांपर्यंत पोंचतो असें ठरविलें, आणि या पातकास देहांतावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें त्यांच्या तोंडावर सांगितलें. मग अधिकार सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. पुढें कारभार बदलल्यावर त्यांस सन्मानानें परत बोलाविण्यांत आलें.

रामशास्त्री ख्रिस्ती नव्हते. पण ज्या साक्षीविषयीं पौल बोलतो तो त्यांच्या ठायीं जागा होता. त्या दिवशीं जनाची लाज त्यांस गप्प बसावयास सांगत होती. धन्याविरुद्ध बोलणें हीच दरबारांत लाजेची गोष्ट. मनाची लाज त्यांस बोलावयास सांगत होती.

यावरून एक सूक्ष्म गोष्ट निघते. जनाची लाज नेहमींच खरी नसते. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली. जोतीरावांचें शिक्षण पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें, आणि अहमदनगरास मिस फेरार बाईंनीं चालविलेल्या मुलींच्या शाळा त्यांनीं पाहिल्या होत्या. सावित्रीबाई त्या शाळेंत शिकवावयास जात तेव्हां रस्त्यांत लोक त्यांच्यावर शेण व चिखल टाकीत. लोकांच्या मतें लाज सोडली होती ती त्या बाईनें. आज कोण म्हणेल कीं निर्ढावलेली ती होती? लाज जेथें नव्हती तेथें तिचा देखावा होता, आणि जी खरी होती तिच्यावर शेण पडत होतें. म्हणून, बंधूंनो, "लोक काय म्हणतील" एवढ्यावरच जो आपलें आचरण ठेवितो त्याचें कुंपण दुसऱ्याच्या शेतांत आहे, हें समजावें.

४. मन निर्ढावतें कसें

शास्त्र या क्रियेसाठीं दोनतीन दाखले देतें, आणि ते सर्व शेतकऱ्याच्या ओळखीचे आहेत. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायांत जो "कठीणपणा" सांगितला आहे, त्याचा मूळ ग्रीक शब्द वैद्य लोक मोडलेलें हाड सांधतांना तेथें जी कठीण गांठ धरते तिच्यासाठीं वापरीत. आपण त्यास घट्टा म्हणूं. नवा मनुष्य कुदळ धरतो तेव्हां हातास फोड येतो, फोड दुखतो, तसेंच काम चालू ठेविलें कीं घट्टा पडतो, मग निखारा उचलला तरी लवकर कळत नाहीं. तीमथ्यास लिहितांना पौल डाग दिलेल्या बुद्धीविषयीं बोलतो (१ तीमथ्य ४:२). तापलेल्या लोखंडाचा डाग दिला म्हणजे तेथील कातडी बधिर होते, हें जनावरें पाळणारास सांगावयास नको.

फारोची कथा याच क्रमानें वाचावी. बेडकांची पीडा दूर होऊन जरा स्वस्थता मिळाली असें पाहतांच त्यानें आपलें मन कठीण केलें (निर्गम ८:१५). पीडा असतां त्यास वचन देतां येत होतें. पीडा गेली कीं वचनहि गेलें. असें एकदां झालें, दोनदां झालें. देवानें त्याचें मन कठीण करीन असें आधींच सांगितलें होतें खरें. पण तें केलें असें शास्त्र प्रथम म्हणतें तें फोडांच्या पीडेनंतर (निर्गम ९:१२). तोंपर्यंत फारोनें स्वतःच बराच घट्टा पाडून घेतला होता.

पुण्यांतीलच दुसरें उदाहरण घाशीराम कोतवालाचें आहे. त्याच्यावर पुढें कादंबरी व नाटकहि झालें. नाटकांतील सर्वच गोष्टी इतिहास नव्हेत. इतिहास असा कीं, १७९१ सालच्या ऑगस्टांत, नाना फडणिसांच्या कारभारांत, दक्षिणेकडून आलेल्या कांहीं ब्राह्मणांस त्याच्या माणसांनीं धरून एका कोंदट जागेंत कोंडून ठेविलें, आणि त्यांपैकीं एकवीस जण गुदमरून मेले. आतां कोतवालाचें काम काय? चोर व साव यांस वेगळें करणें. तो शहराचें सूपच होय. पण धरणें व कोंडणें हें ज्याचें रोजचें काम झालें, व ज्यास विचारणारें कोणी राहिलें नाहीं, त्यास कोंडलेला मनुष्य श्वास घेतो याचें विस्मरण पडतें. पुढें शहरांतील जमावानें घाशीरामास दगडांनीं ठार केलें. न्यायाचा क्रोध व सुडाची चटक यांतील भेद जमावाचें सूप क्वचितच करितें. व्यभिचारिणीवर उचललेले दगड एकेक जण आपल्या मनाच्या साक्षीमुळें टाकून निघून गेला, असें योहानाच्या आठव्या अध्यायांत वाचतों. पुण्याच्या त्या गर्दींत तसें सांगणारा कोणी निघाला नाहीं.

दुखणें नाहींसें होणें ही किती भयंकर गोष्ट आहे हें एका रोगावरून चांगलें कळतें. कुष्ठरोगानें बोटें आपोआप झडतात असें लोक फार काळ समजत. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत १९४६ सालीं आलेले डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं बारकाईनें पाहिलें तेव्हां निराळेंच दिसलें. रोगानें ज्ञानतंतु बधिर होतात. मग मनुष्य तापलेलें भांडें उचलतो, पायांत कांटा मोडतो, जखम होते, पण दुखत नाहीं म्हणून तो तिची काळजी घेत नाहीं, आणि त्या दुर्लक्षानें हातपाय झिजतात. दुखणें हा शत्रु नसून पहारेकरी होता! हा रोग आज औषधांनीं बरा होतो, आणि तो कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे; म्हणून त्याचें नांव शिवी म्हणून कोणीं घेऊं नये. आम्ही केवळ एवढेंच सांगतों कीं, मनाला टोचणी लागते तेव्हां ती शांत करण्याची घाई करूं नये. ती देवानें ठेविलेली पहारेकरीण आहे.

५. एकट्याचें नव्हे, सर्वांचें मन

एक मनुष्य निर्ढावला तर शेजारी त्यास ओळखतात. सगळें गांव निर्ढावलें तर कोण ओळखणार? पिढ्यानुपिढ्या तहानलेल्या माणसास विहिरीपासून दूर बसविण्यांत आलें, आणि बसविणारे देवभोळे, दानधर्म करणारे, मुंगीसहि साखर घालणारे होते. त्यांच्या मनास टोचणी लागली नाहीं, कारण त्या जागीं सर्वांच्याच मनाला घट्टा होता. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. १९२७ सालीं डॉक्टर आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले. ओंजळभर पाण्यानें सगळ्या देशाच्या घट्ट्यावर बोट ठेविलें. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. पण कायदा हात धरतो. मन जागें करणें हें त्याच्या हातचें नाहीं.

हें वाचून आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवूं लागलों तर पाठ फुकट गेला. आपल्या मंडळ्यांतहि लग्नाचें बोलणें निघालें म्हणजे "ते मूळचे कोण?" हा प्रश्न हळूच विचारला जातो. ज्या पंक्तींत प्रभूची भाकर एकत्र मोडली त्याच पंक्तींतून उठून घरीं गेल्यावर तो विचारला जातो. विचारणाऱ्यास लाज वाटत नाहीं; उत्तर देणाऱ्यासहि आतां वाटत नाहीं. पंचांपुढें आणलेल्या एखाद्या दारुड्यास आपण निर्ढावलेला म्हणतों. हा प्रश्न विचारतांना आपलें मन खातें काय, हें ज्यानें त्यानें आपणांस विचारावें.

६. शब्द कसा वापरावा

यास्तव या शब्दाच्या वापराचे चार नियम आम्ही उपदेशकांपुढें ठेवितों.

एक. अजाणास हा शब्द लावूं नये. नवीन आलेला विश्वासी जुनी रीत पाळतो, ती वाईट आहे हें त्यास कोणीं शिकविलेलें नसतें. तो दोष शिष्याचा नव्हे, शिक्षकाचा. तसेंच ज्याचें चित्त आजारानें ठिकाणावर नाहीं त्यासहि लावूं नये. त्यास वैद्य पाहिजे.

दोन. ज्याचें मन फार नाजूक आहे आणि जो लहान गोष्टींतहि अडखळतो त्यास हंसूं नये. पौल अशा दुर्बळ बुद्धीच्या भावासाठीं आपला हक्क सोडावयास तयार होता (१ करिंथ ८). नाजूक मनास थट्टेनें कठीण करणें म्हणजे त्यास निर्ढावण्याची शाळा घालणें होय.

तीन. जो स्वतःच म्हणतो कीं, "माझें मन मेलें आहे, मला आतां पापाचें दुःखहि होत नाहीं," तो अजून मेलेला नाहीं. मेलेल्या अवयवाची तक्रार कोणी करीत नाहीं. अशा मनुष्याजवळ बसावें.

चार. हा शब्द न्यायाचा निकाल म्हणून वापरूं नये. आजाराचें नांव म्हणून वापरावा. वैद्यानें आजाराचें नांव घेतलें म्हणजे औषध सुरू होतें. पंचांनीं निकाल दिला म्हणजे दार लागतें. शब्द एकच, पण पहिल्या तऱ्हेनें घेतला तर कोणी तरी त्या घरीं जातो, दुसऱ्या तऱ्हेनें घेतला तर कोणी जात नाहीं.

७. उपाय

जें होत होत झालें आहे तें परत फिरूं शकतें काय? मनुष्याच्या बळानें क्वचितच. पण दगडाचें हृदय काढून मांसाचें हृदय देईन, असें वचन देवानें यहेज्केलाच्या मुखानें दिलें आहे (यहेज्केल ३६:२६). मांसाचें म्हणजे कोणतें? जें दुखतें तें. आपण सुखाचें हृदय मागतों. देव प्रथम दुखणारें हृदय देतो.

तें देव कसें देतो याच्या तीन रीति शास्त्रांत दिसतात. दाविदानें उरीयाची बायको घेतली व त्यास मारविलें. मधले कित्येक महिने तो राज्य करीत होता व त्याचें मन स्वस्थ होतें. नाथानानें त्यास प्रथम शिवी दिली नाहीं. त्यानें एका गरिबाच्या कोंकरीची गोष्ट सांगितली. दुसऱ्याच्या अन्यायावर दाविदाचा क्रोध पेटला, तेव्हां संदेष्ट्यानें तोच दिवा त्याच्या तोंडाकडे फिरविला (२ शमुवेल १२). निर्ढावलेल्या मनाचा कोठें तरी एक कोंवळा भाग राहिलेला असतो. उपदेशकानें तो शोधावा. दुसरी रीत, सत्य स्पष्ट सांगणें. पेत्राचें भाषण ऐकून यरुशलेमांतील लोकांच्या अंतःकरणास टोंचणी लागली, आणि आम्हीं काय करावें असें त्यांनीं विचारिलें (प्रेषितांची कृत्यें २:३७). तिसरी रीत, त्याच्या घरीं जाणें. जक्कयास सगळें गांव पापी म्हणत होतें. प्रभु त्याच्या घरीं उतरला, आणि ज्याचें कोणाचें अन्यायानें घेतलें त्यास चौपट परत करितों असें जक्कय आपण होऊन बोलला (लूक १९:८). परत करणें ही जागें झालेल्या मनाची खूण आहे. नुसते अश्रु पुरेसे नाहींत; घेतलेलें शेत, बुडविलेली मजुरी, लपविलेला हिशेब परत आला पाहिजे.

इब्री लोकांस पत्रांत एक लहान शब्द पुन्हां पुन्हां येतो : "आज." पापाच्या कपटानें कोणी कठीण होऊं नये म्हणून, जोंवर "आज" म्हटलें जातें तोंवर दररोज एकमेकांस बोध करावा, असें तेथें सांगितलें आहे (इब्री ३:१३). गंज रात्रींतून चढतो, म्हणून विळा दररोज पुसावा लागतो. आजची टोचणी आज ऐकावी. उद्यां ती थोडी कमी लागेल, परवां त्याहून कमी. आणि ज्या दिवशीं मुळींच लागणार नाहीं त्या दिवशीं आपणांस वाटेल कीं आपण बरे झालों.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. अजाण, अपराधी व निर्ढावलेला यांत भेद काय? प्रत्येकाचें शास्त्रांतील एक उदाहरण सांगा.

२. "चोराच्या मनांत चांदणें" आणि "चोराच्या उलट्या बोंबा" या म्हणींतील दोन चोर कोणत्या गोष्टींत निराळे आहेत?

३. जनाची लाज चुकीची असूं शकते काय? आपल्या गांवचें उदाहरण द्या.

४. ज्या घरीं आपली मंडळी जाईनाशी झाली आहे असें एखादें घर आहे काय? या आठवड्यांत तेथें कोण जाईल?